चाल कुणाची?

नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात कीर्तन सुरू असतं तेव्हा रागींच्या पुढ्यात तबला असतो आणि पेटी असते. भोकरहून नांदेडला कॉलेजसाठी, दवाखान्यासाठी, बाजारासाठी जाणाऱ्या आपल्यासारख्यांना यात नवीन काही नाही. पण जरा थांबून पाहिलं तर मामला गुंतागुंतीचा आहे. गुरू ग्रंथसाहिबची मांडणी रागांनुसार केलेली आहे आणि त्यात संत नामदेवांची 61 पदं आहेत. नामदेवांचं जन्मगाव म्हणून ओळखलं जाणारं नर्सी शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात आहे. म्हणजे त्या पदांचे शब्द एका मराठी वारकऱ्याचे, ग्रंथ शिखांचा, आणि ज्या पेटीवर सूर धरलाय ती युरोपातली. 1840च्या सुमारास पॅरिसमध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं गेलं. ज्या लहान चर्चना मोठा पाइप ऑर्गन परवडत नव्हता, त्यांना ही पेटी सोयीची पडली. मिशनऱ्यांबरोबर ती हिंदुस्थानात आली. 1870च्या दशकात कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिला आपल्याकडचं रूप दिलं : जमिनीवर बसायचं, एका हाताने भाता हलवायचा, दुसऱ्याने वाजवायचं. आज पेटीशिवाय भजनी मंडळ क्वचितच सापडेल.

मग ही पेटी कुणाची? तिच्यावर वाजणारी चाल कुणाची?

आपल्याकडे या प्रश्नाचं एक तयार उत्तर आहे : ‘संगीताला धर्म नसतो.’ ऐकायला छान वाटतं, व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला शोभतं, आणि म्हणणाऱ्याचं मनही बहुतेक वेळा चांगलंच असतं. तरीही मला हे उत्तर अपुरं वाटतं. ते खरं नाही, आणि भांडणाची वेळ येते तेव्हा उपयोगीही पडत नाही.

बाखला विचारून पाहा

योहान सेबास्टियन बाख (1685–1750) जर्मनीतल्या लायप्झिग शहरात चर्चच्या संगीताचा प्रमुख होता. त्याचं ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ बहुधा 1727 सालच्या गुड फ्रायडेला पहिल्यांदा चर्चमध्ये गायलं गेलं. येशूविरुद्धच्या कटापासून त्याच्या दफनापर्यंतची कथा त्यात आहे. दोन गायकवृंद, दोन वाद्यवृंद, मध्ये पाद्रीबाबांचं प्रवचन. आपल्या कीर्तनाच्या पूर्वरंग-उत्तररंगाची आठवण व्हावी असाच हा घाट. बाख आपल्या कितीतरी हस्तलिखितांच्या शेवटी तीन अक्षरं लिहायचा. त्या लॅटिन अक्षरांचा अर्थ होतो, ‘महिमा केवळ देवाचा’.

या माणसाला जाऊन ‘तुमच्या संगीताला धर्म नाही’ असं सांगून पाहा. पंढरीच्या वाटेवरच्या वारकऱ्याला ‘अभंगात विठ्ठल नाही, नुसती छान चाल आहे’ असं सांगण्यासारखंच ते होईल. दोघेही आपल्याकडे चमत्कारिक नजरेने बघतील, आणि त्यांचं बरोबर असेल.

पण याच गोष्टीला दुसरी बाजू आहे. हेच ‘पॅशन’ आज भोकरच्या एसटी स्टँडवर बसून कुणीही मोबाइलवर ऐकू शकतो. ऐकणाऱ्याचा बाप्तिस्मा झालेला नाही, त्याला जर्मन येत नाही, शुभवर्तमान त्याने उघडलेलंही नाही. त्या रचनेत एक प्रसंग आहे. येशूला पकडून नेल्यावर त्याचा शिष्य पेत्र अंगणात उभा आहे. लोक विचारतात, तूही त्याच्याबरोबरचाच ना? पेत्र तीनदा म्हणतो, मी त्या माणसाला ओळखत नाही. मग कोंबडा आरवतो, आणि पेत्र बाहेर जाऊन रडतो. त्यानंतर बाखने एक गाणं ठेवलंय. त्यात आवाजाच्या आधी व्हायोलिन रडायला लागतं.

हे गाणं कळायला ख्रिस्ती असावं लागत नाही. आपल्या माणसाची ओळख कधीतरी चारचौघांत नाकारली असेल, तर पुरे आहे. गावाकडून शहरात शिकायला गेलेल्या कितीतरी जणांनी आडनाव विचारलं गेल्यावर विषय बदललेला असतो. त्यांना पेत्र समजावून सांगावा लागणार नाही.

तेव्हा या संगीताला धर्म आहेच. धर्मातूनच ते जन्मलं आणि त्या श्रद्धेशिवाय ते झालंच नसतं. मात्र जन्म एका घरी झाला म्हणून मालकीही त्याच घराकडे राहील असं नाही. जन्म आणि मालकी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि आपला सगळा घोळ त्या एक समजण्यातून होतो.

चालींचा इतिहासही हेच सांगतो. ‘सेंट मॅथ्यू पॅशन’मध्ये एक धून पुन्हा पुन्हा येते. काट्यांचा मुकुट घातलेल्या येशूच्या मस्तकाला उद्देशून गायलं जाणारं हे भजन युरोपातल्या सर्वांत पवित्र मानल्या गेलेल्या धुनांपैकी एक आहे. तिची मूळ चाल हान्स लिओ हास्लर या संगीतकाराने 1601 साली छापलेल्या एका प्रेमगीताची! खुद्द बाखने 1733 साली एका राणीच्या वाढदिवसासाठी रचलेलं संगीत पुढच्याच वर्षी शब्द बदलून येशूच्या जन्माच्या गाण्यांत वापरलं. राणीच्या वाढदिवसाचे नगारे देवाच्या वाढदिवसाला वाजले. यात काही बिघडलं असं बाखला वाटलं नाही.

म्हणजे चाल उचलणं हे पाप नाही. उचललेली नाही अशी चाल जगात शोधूनच काढावी लागेल. खरा नैतिक प्रश्न त्याच्या पुढचा आहे : चाल आणि माणूस ही दोन्ही आपण आत घेतो का, की एकालाच?

माणूस आत, ओवी बाहेर

या प्रश्नाचा मराठीतला सर्वांत जुना धडा गोव्यातला आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यात आला, इथली भाषा शिकला, आणि 1616 साली त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ राशोल इथे छापलं गेलं. आदामापासून येशूपर्यंतची सगळी कथा मराठीत, जवळजवळ 11,000 ओव्यांमध्ये. ज्ञानेश्वरांनी गीता ज्या छंदात सांगितली, जात्यावर बसून बायका ज्या छंदात सासर-माहेर सांगत आल्या, त्याच छंदात त्याने बायबल सांगितलं. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना कानाची सवय सोडावी लागू नये, हा त्यातला शहाणपणा.

पुढे 1736 साली गोव्याच्या इन्क्विझिशनने एक फर्मान काढलं. ख्रिस्ती झालेल्यांनी जुन्या कोणत्या चालीरीती पाळू नयेत याची ती लांबलचक यादी. अंगणातली तुळस तिच्यात होती, धोतर होतं, आणि लग्नात ओव्या गाण्यालाही मनाई होती. ज्या ओवीतून 120 वर्षांपूर्वी ख्रिस्त सांगितला गेला, तीच ओवी लग्नघरात गुन्हा ठरली. धर्मसंस्थेला माणूस हवा होता, पण त्याच्या आजीचा गळा नको होता.

चालीचं वागणं मात्र कुठल्याच फर्मानाच्या ताब्यात राहत नाही. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना प्रार्थनासंगीतासाठी व्हायोलिन आणि नोटेशन शिकवलं जायचं. तिथे तयार झालेले वादक पुढे मुंबईच्या हिंदी सिनेमात आले. वाद्यवृंदासाठी सूर लिहून काढणं आणि लिहिलेलं वाचून वाजवणं त्यांना येत होतं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच एक. आर. डी. बर्मन आणि प्यारेलाल यांचे ते गुरू. 1958 साली त्यांनी मुंबईत मोठा वाद्यवृंद उभा करून रागांवर आधारलेल्या रचना वाजवल्या. चर्चने ओवी बंद केली, आणि चर्चच्याच शाळेत शिकलेल्या माणसाने राग पाश्चात्य वाद्यवृंदात नेऊन बसवला. आपल्याला मात्र त्यांचं नाव ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यामुळे माहीत असतं. ती प्यारेलालजींनी गुरूला दिलेली दक्षिणा होती, हे गाण्यावर नाचताना कोण सांगणार?

टिळकांचा हट्ट

माणूस आणि चाल दोन्ही आत घेण्याचा हट्ट मराठीत ज्यांनी सर्वांत जोरात धरला, ते रेव्हरंड नारायण वामन टिळक. 1861चा जन्म, चित्पावन ब्राह्मण घर, संस्कृतचा व्यासंग. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत काय होती, हे लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त वाचावं. जात तुटली, घर मोडलं, नवरा-बायको काही वर्षं वेगवेगळी राहिली. पुढे 1900 साली लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

तोवर मराठी चर्चमध्ये गायली जाणारी बरीच गीतं इंग्रजी भजनांची भाषांतरं होती, इंग्रजी चालींवर बसवलेली. मराठी शब्द परक्या ठेक्यात कोंबला की तो नको तिथे तुटतो, नको तिथे ताणला जातो. गाणाऱ्याला अर्थ कळतो, पण गाणं अंगात भिनत नाही. अहमदनगर भागात कृष्णराव सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकातच ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली होती. टिळकांनी ती रुंद केली. तुकारामांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते मानत. म्हणून त्यांनी अभंग लिहिले, भजनं लिहिली, कीर्तनं केली, आणि अखेरच्या काळात ओवी छंदातच ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतलं. 1919 साली ते गेले तेव्हा ते अपुरं होतं. लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेलं. चूल आणि सोवळं सांभाळत वाढलेल्या, शाळेत न गेलेल्या बाईने एक महाकाव्य पुढे लिहावं, यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा.

टिळकांवर दोन्हीकडून संशय घेतला गेला. काही ख्रिस्ती लोकांना वाटलं, टाळ-चिपळ्यांबरोबर जुने देवही मागच्या दाराने आत येतील. काही हिंदूंना वाटलं, हे तर गळाला लावलेलं आमिष. अभंगाच्या चालीवर येशू ऐकवायचा आणि माणूस ओढायचा.

दुसरा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. चालीचा उपयोग आमिष म्हणून होऊ शकतो. देवाच्या नावाने होतो तसा पक्षाच्या नावानेही होतो. निवडणुकीत लोकप्रिय गाण्याच्या चालीवर उमेदवाराचं नाव बसवलेलं आपण सगळ्यांनी ऐकलंय. मग आमिष आणि अर्पण यांतला फरक कशावरून करायचा? माझ्यापुरती एक खूण आहे : गाणाऱ्याने स्वतःचं काय पणाला लावलंय? आमिष लावणारा काठावर कोरडा उभा असतो. टिळक पाण्यात होते. ते तुकारामाची चाल वापरत नव्हते, ती त्यांना सोडवत नव्हती. ब्राह्मण्य सोडलं, घर सुटलं, पण अभंग सुटला नाही. जे सोडता येत नाही, ते उसनं कसं म्हणायचं?

आवाज आत, माणूस बाहेर

आता उलट्या बाजूने पाहू. गायक येसुदास कॅथलिक घरात जन्मले, कर्नाटक संगीत शिकले आणि आयुष्यभर कृष्णाची गाणी गात आले. केरळातल्या गुरुवायूरच्या कृष्णमंदिरात बिगरहिंदूंना प्रवेश नाही. त्यांची कृष्णगीतं भक्तांच्या घराघरांत वाजतात, आणि ज्या कृष्णासाठी ती गायली त्याच्या गाभाऱ्यासमोर जायला त्यांना वाट नाही.

ऑगस्ट 2018मध्ये तमिळनाडूत काही कर्नाटक गायकांना येशूवरची गीतं गायल्याबद्दल धमक्या आल्या. ओ. एस. अरुण यांनी एका ख्रिस्ती गीतांच्या मैफलीतून माघार घेतली. टी. एम. कृष्णा यांनी उलट जाहीर केलं की यापुढे ते दर महिन्याला येशू किंवा अल्लावरचं एक कर्नाटक गीत प्रसिद्ध करतील. त्या गदारोळात एक गोष्ट विसरली गेली. कर्नाटक संगीतात ख्रिस्ती रचना ही कालची आयात नव्हे. तंजावरचे वेदनायगम शास्त्रियार (1774–1864) हे ख्रिस्ती कवी ज्या राजाच्या दरबारात होते, तो सरफोजी दुसरा भोसले घराण्यातला मराठी राजा. राजा आणि कवी दोघेही एकाच मिशनरीकडे, श्वार्ट्झकडे, शिकलेले. राजा शिवभक्त राहिला, कवी येशूची पदं रचत राहिला, आणि दरबार चालू राहिला.

त्या वादातला एक मुद्दा मात्र मला रास्त वाटतो. राग सर्वांचा असला तरी एखादी कृती एका माणसाने एका भावाने रचलेली असते. त्यागराजांच्या कृतीतून राम काढून येशू घालणं आणि त्याच रागात येशूवर नवी कृती रचणं, या दोन गोष्टी सारख्या नाहीत. पहिलीत रचणारा माणूसच पुसला जातो. बाखने शब्द बदलले, पण स्वतःच्या संगीताचे. दुसऱ्याच्या नावाची पाटी काढून आपली लावणं, तीही त्याला न सांगता, हा चाल आत घेऊन माणसाला बाहेर काढण्याचाच प्रकार आहे.

आणि या प्रकारात आपण मराठवाड्यातले लोक दुसऱ्यांना शिकवण्याच्या जागी नाही. गावातली हलगी आणि सनई पिढ्यान्‌पिढ्या कुणी वाजवली? देवाची पालखी ज्यांच्या वाद्यावर निघायची, त्यांनाच देवळाच्या पायरीवर थांबावं लागायचं. लग्न त्यांच्या सुरांवर लागायचं आणि जेवणाची पंगत वेगळी बसायची. गुरुवायूर लांब आहे. ही पायरी आपल्या गावातली आहे.

म्हणूनच ‘ख्रिस्ती भजनं भारतीय रागात गावीत’ हा सल्ला सगळ्यांना सारखा गोड लागत नाही. मदुराईच्या धर्मविद्यालयात शिकवणारे जे. थिओफिलस अप्पावू (1940–2005) दलित ख्रिस्ती संगीतकार होते. त्यांनी विचारलं, भारतीय म्हणजे कुणाचं? चर्चमध्ये कर्नाटक राग आला की भारतीयत्व आलं, असं म्हणता. पण ज्यांच्या पूर्वजांना त्या रागाच्या ओसरीवरही येऊ दिलं नाही, त्यांचं काय? अप्पावूंनी प्रार्थना लोकगीतांच्या चालीत बांधली आणि अस्पृश्य ठरवलेलं पराई हे चर्मवाद्य उपासनेत आणलं. मराठवाड्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांपैकी बरीच मांग आणि महार समाजातून आलेली आहेत. त्यांच्यासाठी प्रश्न ऑर्गन की तंबोरा एवढाच नाही. चर्चने माणूस आत घेतला. त्याची हलगी घेतली का?

गाणाऱ्याने मानावं लागतं का?

शेवटी एक प्रश्न उरतो, आणि तो ऐकणाऱ्याला आणि गाणाऱ्याला दोघांनाही लागू आहे. ज्या देवाला आपण मानत नाही त्याचं गाणं प्रामाणिकपणे गाता येतं का?

चौथ्या-पाचव्या शतकातल्या संत ऑगस्टीनला याच्या उलट भीती होती. आपल्या आत्मकथनात तो कबूल करतो की चर्चमधल्या गाण्याने त्याचे डोळे पाणावत, पण कधी कधी शब्दांपेक्षा सूरच जास्त हलवून जात, आणि तेव्हा आपल्या हातून पाप घडतंय असं त्याला वाटे. असं असेल तर गाणं ऐकूच नये, असंही त्याच्या मनात येई. मग आठवे, आपली श्रद्धा गाण्यातूनच तर जागी झाली होती. तो दोन्हींमध्ये हेलकावे खात राहतो. एवढ्या मोठ्या धर्मज्ञाला जे सोडवता आलं नाही, ते आपण एका स्टेटसमध्ये सोडवायला निघतो.

मला या प्रश्नाचं उत्तर आपल्या उस्तादांच्या गाण्यात दिसतं. अल्लादिया खाँसाहेब कोल्हापुरात, अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत. दोघेही मुसलमान, आणि दोघांच्याही गाण्यात यमुना, कान्हा, राधा यायचेच. त्यांनी धर्म सोडला नाही आणि कान्हाला नुसता शब्द म्हणूनही गायलं नाही. गाताना त्या ओळीतला विरह त्यांनी खरा मानला. नाटकातल्या नटाचं मानणं वेगळं. हे पाहुण्याचं मानणं आहे : दुसऱ्याच्या घरी गेल्यावर आपण तिथल्या देवघरासमोर चप्पल काढून उभे राहतो तसं. तिथे आपण खोटं बोलत नसतो, आणि घरमालक झाल्याचा दावाही करत नसतो.

पाहुण्याच्या या वागण्यात तीन गोष्टी येतात. घर कुणाचं आहे ते विसरायचं नाही. चप्पल घालून आत जायचं नाही. आणि तो घरमालक उद्या आपल्या दारात आला, तर त्याला ओसरीवर ताटकळत ठेवायचं नाही. पहिल्या दोन गोष्टी रसिक म्हणून आपण बऱ्यापैकी पाळतो. बाख ऐकताना गंभीर होतो, कव्वालीला मान डोलावतो, अभंगाला डोळे मिटतो. तिसरी आपण टाळतो, कारण तिथे सूर नसतात, माणूस असतो. त्याला भाड्याने खोली हवी असते, पंगतीत जागा हवी असते, आपल्या घरात सोयरीक हवी असते.

‘संगीताला धर्म नसतो’ हे वाक्य आपल्याला एवढं आवडतं, ते यामुळेच असावं. सुरांना धर्म नाही म्हटलं की सूर ठेवून घेता येतात आणि ते आणणाऱ्याची जात, प्रार्थना, पत्ता काहीच विचारात घ्यावं लागत नाही. त्यापेक्षा सरळ म्हणावं : या चालीला धर्म आहे, तो माझा नाही, आणि तरी ती मला रडवते. एवढं मान्य केलं की पुढचा प्रश्न आपोआप समोर येतो. जिच्यामुळे मी रडलो, ती चाल ज्याच्या घरची, तो उद्या माझ्या गल्लीत राहायला आला तर मी पेत्रासारखा म्हणेन का, की मी या माणसाला ओळखत नाही?